नवरदेवाला दाढी नव्हती

नवऱ्याचं तुला पहिल्यांदा काय आवडलं, असं कुणी विचारलं तर मी स्वभाव म्हणते. बायका तसंच म्हणतात. पण ते खरं नाही. मला त्यांची दाढी आवडली होती. स्वभाव कळायला त्या दिवशी वेळ तरी कुठं होता? पोह्यांच्या ताटल्या रिकाम्या होईपर्यंत जेवढं दिसतं तेवढंच दिसतं.

त्याआधी दोन स्थळं येऊन गेली होती. दोन्ही वेळेस मी मान वर केली नाही. सतरंजीवरचे पाहुण्यांचे मोजे तेवढे आठवतात. तिसऱ्या वेळेला, त्यांच्या मामांनी मला नाव, शिक्षण, स्वयंपाक सगळं विचारून झाल्यावर एक आवाज आला, "तुमाला काही विचारायचं असंल तर विचारा की." मला कुणी असं म्हणालं नव्हतं. मी दचकून वर बघितलं आणि दाढी दिसली. काळी, दाट, गालावर रेघ मारावी तशी कोरलेली. मिशी तिच्यात मिसळून गेलेली. ते हसले तेव्हा तिच्यात दात एकदम पांढरे चमकले. मी परत खाली बघितलं, पण पोटात काहीतरी गोड हललं होतं.

जिंतूरला कॉलेजात होते तेव्हा आम्हा मुलींचा एसटीत हाच विषय असायचा. स्टँडवर उभी असलेली पोरं खिडकीतून बघायची आणि दाढीवाला बरा की गुळगुळीत गालाचा, यावर वाद घालायचा. एक मैत्रीण म्हणायची, दाढी नसलेला पोरगा सोसायटीतल्या कारकुनासारखा दिसतो. दुसरी म्हणायची, काही असो, दाढी टोचती. मग तुला गं कसं माहीत, म्हणून सगळ्या तिच्यावर तुटून पडायच्या. मी नेहमी दाढीच्या बाजूनं असायची.

घरात मात्र दाढीला मान नव्हता. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणतो, दिवसाआड अंगणात बाजेवर आरसा ठेवून गुळगुळीत दाढी करणारे. मिशी तेवढी राखायचे. त्यांच्या लेखी दाढी वाढवलेला माणूस म्हणजे एकतर घरात कुणी गेलेलं, नाहीतर कोर्टात तारीख चालू असलेला. पाहुणे गेल्यावर आईसुद्धा म्हणाली, "पोरगं बोलायला बरं हाय. पण दाढीत थोबाडच दिसंना."

स्थळ वालूरचं होतं. घरची थोडी शेती आणि मुलाचं स्वतःचं दुकान. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचं. कामाला माणूस पक्का, असं सगळेच सांगत होते. एकच गोष्ट खटकली. त्यांच्यासोबत त्यांचा थोरला भाऊ आला होता. तो दाराजवळ बसला होता, कुणाशी एक शब्द बोलला नाही. तोंडावर दाढी नाही, मिशी नाही, एकदम सपाट चेहरा. पण डोळे तेच. मी चहा द्यायला गेले तेव्हा तो माझ्याकडे बघून उगीचच हसला आणि बघतच राहिला. शेजारची काकू स्वयंपाकघरात कुजबुजली, "थोरल्याला सोडून धाकट्याचं कसं काय करायलेत हे?" आईनं मामांना विचारलं तर ते म्हणाले, "त्याचं त्यालाच नको हाय लग्न." एवढंच. पुढं कुणी खोदून विचारलं नाही.

कुंकवाचा कार्यक्रम झाला, लग्न उन्हाळ्यात ठरलं आणि आमचे फोन सुरू झाले. दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ते व्हिडिओ कॉल करायचे. पाठीमागं तांब्याच्या तारेची वेटोळी लटकलेली असायची. मी शिलाई मशीनजवळ मोबाईल टेकवून ठेवायची आणि ब्लाउज शिवता शिवता बोलायची. खरं तर बोलण्यापेक्षा बघायचीच जास्त. एकदा त्यांनी सांगितलं की त्यांची आई हळदीच्या आधी दाढी काढ म्हणून मागं लागली आहे. माझ्या तोंडून निघून गेलं, "काढू नका. लग्नात पण ठेवा. तुमाला शोभती." ते एवढे खूश झाले की पलीकडे स्टुलावरून उठूनच उभे राहिले आणि मला त्यांच्या शर्टाची बटणं तेवढी दिसत राहिली.

आणि मग व्हिडिओ बंद झाले.

आधी म्हणाले, कॅमेरा बिघडलाय. मी म्हटलं, फोटो पाठवा. पाठवला, पण तो जुना होता. मागं लटकलेल्या कॅलेंडरवर संक्रांतीचा महिना होता. आणखी थोड्या दिवसांनी व्हॉट्सअॅपवरचा त्यांचा फोटो गेला आणि तिथं मारुतीचं चित्र आलं. फोन यायचे, पण बोलणं तुटक. "काय करायलात?" "काम." "जेवलात का?" "हो." मधेच आवाज एकदम खाली जायचा, जवळ कुणी आलं असावं तसा. मी कान मोबाईलला घट्ट लावून ऐकायचे. हा आवाज तोच आहे का? भावाभावांचे आवाज सारखे असू शकतात. हा विचार एकदा डोक्यात आला तो गेलाच नाही.

त्यात काकूनं भर टाकली. कुठल्या तरी गावात दाखवला एक आणि मंडपात उभा केला दुसरा, असं तिनं ऐकलं होतं. गाव कुठलं ते तिला सांगता येत नव्हतं. "तोंडावर सेहरा असतो माय, कळतंय का कुणाला? अक्षता पडल्या की झालं. मग काय करती पोरगी?" ती भाजी निवडत सहज बोलून गेली आणि उठून घरी गेली. माझ्या हातातली सुई बोटात गेली होती, ते मला रक्त कापडावर उतरल्यावर कळलं.

त्या दिवसापासून मी अर्धी भाकरी ताटात तशीच ठेवून उठायचे. दाराजवळ बसलेला तो थोरला भाऊ, त्याचं ते हसू, सारखं समोर यायचं. आता ते हसू मला वेगळंच वाटायला लागलं. जणू त्याला तेव्हाच काहीतरी माहीत होतं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "लग्न ठरल्यावर पोरीला असंच वाटत असतंय. मला बी वाटलं होतं." माझी मोठी बहीण, आक्का, फोनवर नुसती हसली. दादांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. पत्रिका वाटून झाल्या होत्या, आचारी ठरला होता. माझी भीती घरात कुठंच ठेवायला जागा नव्हती.

लग्न आमच्याच गावात, शाळेच्या मैदानात होतं. एका वर्गात नवरीची खोली केली होती. भिंतीवर मुळाक्षरं रंगवलेली, कोपऱ्यात बाकं रचून ठेवलेली. ऊन एवढं की पत्रे तापून कडकड वाजत होते. काकू माझ्या डोक्यात गजरा खोचत होती. तेवढ्यात बँड वाजला. नवरदेव मारुतीच्या देवळात आला होता, तिथून त्याची वरात मंडपाकडे निघायची. आक्का आणि बाकीच्या बायका नवरदेव बघायला पळाल्या.

आक्का परत आली ती हळूहळू चालत. तिनं दार लोटून घेतलं.

"काय गं?" मी विचारलं.

"दाढी न्हाई."

"काढली असंल."

"तसं न्हाई गं. तोंडच येगळं दिसायलंय."

काकूचा हात माझ्या डोक्यावर थांबला. मी आक्काला म्हटलं, "तेच हायेत का? खरं सांग."

आक्का लगेच बोलली नाही. माझी आक्का कधी थांबून बोलत नाही. आणि आज ती थांबली होती. "कुंकवाला मी लेकराला घेऊन मागं बसले होते," ती म्हणाली. "मला काय सांगता येईना बाई."

मी मोबाईल घेतला आणि फोन लावला. बेल वाजत राहिली, कुणी उचलला नाही. परत लावला, परत तसंच. मग मी उठले आणि खिडकीजवळ गेले. गजांमधून रस्त्याचा तुकडा दिसत होता. पोरं नाचत होती, धूळ उडत होती आणि त्यामागं घोडा. घोड्यावर सेहरा बांधलेला माणूस. फुलांच्या माळांमागं नुसती हनुवटी दिसत होती, उघडी, लहानशी, पांढुरकी. ही हनुवटी मी कधी बघितली नव्हती.

मी थोरल्या भावाला शोधायला लागले. तो घोड्याजवळून चालताना दिसला असता तर मी तिथंच देवाला हात जोडले असते. मामा दिसले, त्यांची आई दिसली, मित्र दिसले. थोरला भाऊ कुठंच नव्हता. मी परत परत बघितलं. प्रत्येक फेटा बघितला. नव्हता.

त्या क्षणाची भीती मला आजही सांगता येत नाही. ओरडावंसं वाटत होतं. बाहेर सगळं गाव जेवायला आलेलं, माईकवर पाहुण्यांची नावं घेतली जात होती आणि आत मी एका माणसाशी लग्न करायला सजून बसले होते, जो कोण आहे हे मला माहीत नव्हतं.

आई आली तेव्हा मी तिचा हात धरला. "मला त्यांच्याशी बोलायचंय. त्याबगर मी मंडपात येत न्हाई."

"आता?" आई म्हणाली. "पहिली पंगत बसायली बाई. काय म्हणतील लोक?"

"म्हणू दे. दादाला बोलव."

आई दादांना घेऊन आली. मला वाटलं होतं ते संतापतील. भर मंडपात त्यांची शोभा करणारी पोर त्यांना कशी चालेल? ते आत आले, फेटा काढून हातात घेतला. घामानं कपाळाला केस चिकटले होते. मी कसंबसं म्हणाले, "दादा, तो माणूस दुसराच असला तर?"

दादा दाराकडे बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "मला बी तसंच वाटायलंय."

आईनं दार लोटून घेतलं.

"देवळात मी कुंकू लावलं त्याला," दादा म्हणाले. "हार घातला, पाया पडून आलो. अन् मला वळखू यीना. इचारावं कसं? चार लोक बाजूला. तवापासून नुसता इकडून तिकडं फिरायलोय मी." त्यांच्या हातातला फेटा सुटून खाली लोंबत होता. मी माझ्या बापाला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. गारपिटीत कापूस आडवा झाला होता तेव्हाही नाही. ते घाबरलेले बघून माझी उरलीसुरली ताकद गेली, आणि थोडं बरंही वाटलं. मी वेडी झाले नव्हते.

दादा गेले आणि नवरदेवाला पाणी द्यायचं निमित्त काढून त्याला शाळेत घेऊन आले. मागोमाग त्याची आई धावत आली. तिचा चेहराच सांगत होता की काहीतरी आहे. आक्कानं काकूला बाहेर काढून दार लावलं. बँडवाले बाहेर वाजवतच होते.

त्या माणसानं दोन्ही हातांनी सेहरा वर केला.

अनोळखी चेहरा. कपाळ आणि नाक उन्हानं रापलेलं, आणि खाली गाल आणि हनुवटी फिकट, जणू दोन माणसांचे तुकडे जोडले होते. जबड्यावर खुंटांची निळसर छटा होती आणि तिच्यात मधेच गोल गोल चट्टे, नाण्याएवढे, लोण्यासारखे गुळगुळीत. एक हनुवटीवर, एक जबड्याखाली, आणखीही होते. डोळे ओळखीचे होते. पण डोळे तर दोघांचे सारखेच होते.

"तुमचे थोरले भाऊ कुठंयत?" मी विचारलं. माझा आवाज मलाच चिरका वाटला.

"आमचा थोरला घरी हाय," तो म्हणाला. "त्याला फिट येती. बँड, गर्दी सहन हुईना. म्हणून त्याला आणलं न्हाई. म्हणूनच त्यानं लग्न बी नको म्हणलंय."

त्याची आई रडायला लागली. "चाई लागली हो माझ्या लेकराच्या दाढीला. गोल गोल केसच झडून गेले. काय करावं?"

चाई मला माहीत होती. शाळेत एका मुलीच्या डोक्यात तशी पडली होती, आणि आम्ही तिच्या शेजारी बसत नव्हतो. पण माझी शंका अजून फिटली नव्हती. फिट येणारा थोरला हाच नाही कशावरून? मी म्हणाले, "दाढीबद्दल मी फोनवर तुमाला काय म्हणले होते?"

त्यांनी माझ्या वडिलांकडे बघितलं, स्वतःच्या आईकडे बघितलं आणि मान खाली घातली. "दाढी काढू नका म्हणला होता," ते म्हणाले. "लग्नात पण ठेवा. शोभती म्हणला." आणि त्यांचे डोळे भरून आले.

मी लाजेनं आणि सुटकेनं मटकन बाकावर बसले. आक्कानं तोंडाला पदर लावला. दादा खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिला चट्टा गावातल्या न्हाव्याला दिसला, जबड्याखाली. कुणीतरी लसूण चोळायला सांगितलं. चोळून चोळून कातडी भाजली, फोड आले. तोवर दुसरा निघाला. न्हावी दाढी वेगवेगळ्या तऱ्हेनं कापून ते झाकत राहिला, आणि शेवटी हळदीच्या सकाळी म्हणाला, आता झाकायला केसच उरले नाहीत, काढून टाकू. "चाई म्हणलं की लोक कोड समजतात," ते म्हणाले. "तुमचे लोक मोडतील म्हणून भ्यालो. अन् तुमाला तर दाढीच आवडत होती. रोज फोन करताना वाटायचं आज सांगावं, अन् तुमचा आवाज आला की धीरच सुटायचा. तुमाला नको असंल तर आत्ता सांगा. माझ्याकडून मोडलं म्हणून मी लोकांना सांगतो."

एक भीती गेली होती. पण तिच्या जागी लगेच दुसरी आली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. मी त्या चेहऱ्याकडे बघत होते आणि मला काही वाटत नव्हतं. ज्याला मोबाईलवर बघून माझ्या पोटात गोड कळ उठायची तो माणूस त्या खोलीत नव्हताच. समोर एक रडवेला, बारक्या हनुवटीचा मुलगा उभा होता, मैत्रिणीच्या धाकट्या भावासारखा. वाईट माणूस नव्हता. चांगलाच वाटत होता. पण मला तो आवडला नाही तर? आयुष्यभर नाही आवडला तर? दाढी गेली म्हणून लग्न मोडलं, असं कोणती मुलगी भर मंडपात सांगेल? आणि नुसत्या दाढीवर जीव टाकला होता, हे मी स्वतःला तरी काय तोंडानं सांगणार होते?

"काय बाई?" दादांनी विचारलं. "तू म्हणशील तसं. खरंच." ते खरं बोलत होते, हे मला कळत होतं.

बाहेर माईकवर पुकारा झाला, नवरीच्या मामांनी नवरीला मंडपात घेऊन यावे. मी म्हणाले, "चला."

का म्हणाले, मी पुष्कळदा शोधलं आहे. लोकांच्या भीतीनं असेल. किंवा सगळ्यांसमोर मान खाली घालून त्यांनी माझं ते वाक्य जसंच्या तसं म्हणून दाखवलं, त्यामुळं असेल. पण ते प्रेम नव्हतं. अंतरपाट खाली आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले होते आणि अक्षता अंगावर गारांसारख्या लागत होत्या.

वालूरच्या घरी पोचलो तेव्हा दारात तो थोरला भाऊ पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. त्याला बघून माझा पाय उंबऱ्याबाहेरच अडला. तो पुन्हा तसाच हसला, तांब्या खाली ठेवला आणि वाटेत पडलेल्या आपल्या चपला उचलून बाजूला झाला. त्याच्याइतका गरीब स्वभावाचा माणूस त्या घरात दुसरा नाही, हे कळायला मला थोडे दिवस लागले.

नंतरचे महिनेही मी भीतीतच काढले. सासूबाईंनी लेकाचा टॉवेल, साबण, ताट, सगळं वेगळं केलं होतं, मला लागू नये म्हणून. ते बघून मी जास्तच घाबरले. केस विंचरताना फणीत आलेला प्रत्येक केस मी उजेडात धरून बघायचे. ते माझ्याजवळ येताना चेहरा वळवून यायचे आणि मी तो वळवलेला चेहरा तसाच राहू द्यायचे. दुकानात ते तोंडाला रुमाल बांधून बसायचे. गिऱ्हाइकं चेष्टेनं विचारायची, नवी नवरी चावली का?

शेवटी मीच म्हणाले, परभणीला कातडीच्या डॉक्टरकडे जाऊ. आम्ही एसटीनं गेलो. डॉक्टर बाई होत्या. त्यांनी दिव्याखाली हनुवटी इकडून तिकडून बघितली आणि म्हणाल्या, हे कुणाला लागत नाही. टॉवेल एकच वापरा. मग चट्ट्यांमध्ये इंजेक्शनं द्यावी लागतील म्हणाल्या, एकेका चट्ट्यात टोचून टोचून. सुई हनुवटीत जाताना नवऱ्यानं डोळे मिटले. त्यांनी हात चाचपडत पुढे केला आणि मी तो धरला. लग्नात हातात हात दिला होता तो भटजींच्या सांगण्यावरून. हा मी स्वतःहून धरला. दोघांचेही तळवे घामानं भिजले होते.

निघताना मी डॉक्टरांना विचारलं, हे डोक्यात, भुवयांत जाईल का? त्या म्हणाल्या, जाऊही शकतं, इथंच थांबूही शकतं, आज सांगता येत नाही. परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. बऱ्याच वेळानं म्हणाले, "भुवया गेल्या तर?"

"काजळानं काढून देईन," मी म्हणाले. मला विनोद करायचा नव्हता. मी खरंच तोच विचार करत होते.

ते हसले. रुमाल खाली घसरला होता, आणि मी त्यांचं उघडं हसू पहिल्यांदा जवळून बघितलं. हसताना त्यांच्या हनुवटीवर मधोमध एक बारीक खळगा पडत होता आणि खालचा ओठ एका बाजूला जरा जास्त खाली जात होता. दाढीत हे सगळं झाकलेलं होतं. मी बघत राहिले. पोटात काही हललं असं नाही म्हणणार. पण मला अजून थोडा वेळ ते बघावंसं वाटलं.

पावसाळ्याच्या शेवटी चट्ट्यांवर केस उगवले, तेही पांढरेशुभ्र. घरात परत रडारड. सासूबाई म्हणाल्या, हे कोडच. मीही मनातून हादरले, पण डॉक्टर म्हणाल्या की आधी असेच येतात, मग काळे होतात. हळूहळू झाले. हनुवटीखाली एक पांढरा झुबका तेवढा राहिला, तो आजही आहे.

दिवाळीच्या आधी मी मशीनवर बसले होते. दारातून एक माणूस आत आला. मागं ऊन होतं, नुसती काळी दाट दाढी दिसली. मी घाबरून उठले आणि पदर सावरला. ते न्हाव्याकडून दाढी कोरून आले होते. "कशी हाय?" त्यांनी विचारलं. पोटात तीच जुनी गोड कळ उठली, पोह्यांच्या दिवशीची. आणि तिच्या मागोमाग भीती. आता गल्लीतल्या बायका म्हणतात, तुझा नवरा लय भारी दिसायलाय गं. मी हसते. त्यांना काय सांगू? आलेली दाढी परत जाऊ शकते, हे मला माहीत झालं आहे. आणि गेली तर मला परत ते कोरडं, रिकामं वाटेल का, हे मला माहीत नाही. एकदा वाटलं होतं.

दर रविवारी सकाळी ते अंगणात पाटावर बसतात आणि मी त्यांची दाढी बोटांनी चाचपते. गालापासून सुरू करून जबड्याखाली, मग हनुवटी. कुठं गुळगुळीत लागतंय का ते बघायचं असतं. शेजारच्या खुंटीला आरसा टांगलेला आहे, पण ते आरशात बघत नाहीत. ते माझ्या तोंडाकडे बघत असतात. परवा जबड्याखाली बोट एका जागी अडलं. मी श्वास धरला. त्यांनीही धरला. मी त्यांचं डोकं उजेडाकडे वळवलं, केस बाजूला करून नीट बघितलं. पुटकुळी बसल्याची खूण होती.

"हाय का काही?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि पुन्हा एकदा चाचपून बघितलं.